व्यक्तिमत्त्व : 10 गुण

या महिन्यात आलेल्या गठ्ठ्यातली तीन पत्रं वाचताना वाटलं, ही माणसं एकाच शाळेतली असावीत. तसं नाही, तिघं तीन ठिकाणची आहेत. पण गाठ एकच आहे : मुलं ज्या घरांतून येतात, त्या घरांतले शिक्षक शाळेत असावेत का, आणि असले तर काय होतं. म्हणून तिघांना एकत्रच उत्तर देते. पत्रं नेहमीप्रमाणे आखडती घेतली आहेत आणि नावं काढली आहेत.

«मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं घरी वेगळी भाषा किंवा बोली बोलणारी, घरात पहिल्यांदाच शाळा पाहणारी. आम्ही 22 शिक्षक, पण त्या घरांतून आलेला एकही नाही. गेल्या भरतीच्या जाहिरातीत मी मुद्दाम 'सर्व समाजघटकांतील उमेदवारांनी अर्ज करावेत' अशी ओळ घातली. अर्ज नेहमीच्याच मंडळींचे आले. आणखी काय करायचं? आणि खरं सांगा, याने मुलांना काही फरक पडतो, की ही आजकालची टूम आहे?»

सर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर पक्कं असेल तरच पहिल्याचा खटाटोप करायचा.

फरक पडतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला, 'स्टार' नावाचा. वर्गाचा पट कमी केला तर मुलं जास्त शिकतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. 79 शाळा, बालवाडी ते तिसरी, साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं. कोणतं मूल कोणत्या वर्गात आणि कोणत्या शिक्षकाकडे जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. शिक्षक गोरा की काळा, हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. पण चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना, त्यामुळे पुढच्या संशोधकांना घबाड मिळालं. 'जागरूक पालकांनी चांगला शिक्षक मागून घेतला असेल' ही शंका आपोआप गळून पडली. सेठ गर्शेनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं पुढे कुठे पोचली याचा माग काढला. ज्या कृष्णवर्णीय मुलांना तिसरीपर्यंत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला होता, त्यांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण, तसा शिक्षक न मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपेक्षा 13 टक्क्यांनी जास्त निघालं. लहानपणी एका वर्षापुरते भेटलेले एक बाई किंवा एक सर, आणि परिणाम दिसतो तो बारावीनंतर.

हे कसं होत असेल, याचा एक धागा 2016 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सापडतो. एकाच विद्यार्थ्याबद्दल त्याच्या दोन शिक्षकांना वेगवेगळं विचारलं होतं, 'हा कुठवर शिकेल?' विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि शिक्षक तसा नसेल, तर तो पदवीपर्यंत जाईल असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं. मूल तेच, वही तीच, भाकितं दोन.

मी 31 वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापिका म्हणून. 'त्याच्याकडून फार अपेक्षा नको हं' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही, आणि स्वतः किती वेळा म्हटलं तीही नाही. कुणी दुष्टपणे म्हणत नाही. उलट मायेनेच म्हणतात. पण तीच बाई वर्गात प्रश्न विचारते तेव्हा एका मुलासमोर पाच सेकंद थांबते आणि दुसऱ्यासमोर एक सेकंद, 'बरं, बस, तू सांग गं' म्हणून पुढे जाते. मुलांना हे सेकंद अचूक मोजता येतात.

आता तुमची जाहिरात. जिने आपल्यातलं कुणीच कधी खडू हातात घेतलेलं पाहिलं नाही, ती मुलगी ती ओळ वाचणारच नाही. जाहिरात पोचते ती जे आधीपासून वाट पाहत असतात त्यांच्यापर्यंत. तेव्हा जरा शाळेच्या आतच पाहा. बालवाडीत मदतनीस कोण आहे? सुट्टीनंतर लहान भावंडाला न्यायला येऊन वर्गाच्या दारात उभी राहून फळा वाचणारी ती कोण? दहा वर्षांपूर्वी तुमच्याच शाळेतून गेलेली मुलं सध्या काय करतात?

शिकागोच्या लोगन स्क्वेअर या वस्तीत नेमकं इथूनच सुरू झालं. तिथल्या आयांना, बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या, वर्गात शिक्षकांच्या हाताखाली थोड्या मानधनावर घेतलं. काही काळाने त्यातल्या कित्येकींना स्वतःच शिकवावंसं वाटू लागलं. मग पदवीचे वर्ग वस्तीतच, संध्याकाळी, आणि त्या वेळात त्यांची पोरं सांभाळायची सोय. या धडपडीतूनच इलिनॉय राज्याने 2004 मध्ये 'आपले शिक्षक आपणच घडवा' अशा अर्थाचा कायदा केला. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पोरं सांभाळायची सोय. आपल्याकडचा शिष्यवृत्तीचा कुठलाही फॉर्म काढून पाहा, त्यात हा रकाना नसतो, आणि बाईचं शिक्षण बहुधा तिथेच अडतं.

न्यूझीलंडने तर उलट्या टोकाने सुरुवात केली. माओरी भाषा मुलांच्या तोंडून नाहीशी होत चालली होती, तेव्हा 1982 मध्ये 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेची घरटी सुरू झाली. तिथे मुलांसमोर आजीआजोबा बसले. अध्यापनाचं प्रमाणपत्र हवं असं ठरवलं असतं तर ते घरटं रिकामंच राहिलं असतं, कारण प्रमाणपत्र एकाकडे आणि भाषा दुसऱ्याकडे होती. तुम्ही पात्रतेचा नियम मोडा असं म्हणत नाही. तो मोडणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नव्हतं. पण घरची बोली येणारी एखादी आजी आठवड्यातून दोन तास गोष्ट सांगायला आली तर कुठला नियम आडवा येतो?

हे सगळं वर्षांच्या हिशेबाने चालतं, महिन्यांच्या नाही. मदतनीस बाईची शिक्षिका होईतो तुम्ही कदाचित निवृत्त झालेले असाल.

मात्र एक काम उद्याच करता येईल. तुमचा मुलाखतीचा गुणतक्ता कपाटातून काढा. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. फारशी अभिमानाची नाही.

आमच्या तक्त्यात चार रकाने होते : विषयज्ञान 40, नमुना पाठ 30, अनुभव 20, व्यक्तिमत्त्व 10. एका भरतीत एक उमेदवार पाचवीच्या वर्गावर अपूर्णांकांचा पाठ घ्यायला उभी राहिली. 'आणि'ला 'आनि', 'पाणी'ला 'पानी'. तिने रद्दीतले कागद वाटले, घड्या घालायला लावल्या. पाव भाग झाला, मग शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मंग बाई, त्याचाबी अर्दा केला तर?" त्या मुलाचा आवाज मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "कर की. मंग आमाला सांग." 'मंग'ला 'मंग'नेच उत्तर! त्याने घडी घातली, उलगडली, बोटाने मोजली आणि ओरडला, "आठ!"

मी तिला नमुना पाठाला 30 पैकी 26 दिले. आणि व्यक्तिमत्त्वाला 10 पैकी 3. समोर शेरा : 'उच्चार अशुद्ध'. चार गुणांनी तिची निवड हुकली. जी आली तीही चांगली शिक्षिका होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांनी लेखापरीक्षणासाठी त्या फायली उघडल्या तेव्हा माझ्याच अक्षरातला तो शेरा समोर आला. ज्या बोलीमुळे शेवटच्या बाकाला कंठ फुटला, तिचेच मी गुण कापले होते. मागच्या सगळ्या भरत्यांचे तक्ते काढून बसले. व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात आठच्या वर गुण मिळालेली सगळी माणसं साधारण माझ्यासारखी बोलत होती.

पुढच्या भरतीच्या आधी तो रकाना काढून टाकायला मी संस्थेशी भांडले. एक सदस्य म्हणाले, "मग माणूस कसा आहे ते कळणार कसं?" मी म्हटलं, आजवर तरी कुठे कळत होतं? ते 10 गुण नमुना पाठाकडे गेले. पाठ खऱ्या मुलांसमोर आणि सरमिसळ वर्गावर, वेचून बसवलेल्या वीस हुशार मुलांसमोर नाही. प्रश्न आधी लिहून काढलेले आणि सगळ्यांना तेच. प्रत्येक परीक्षकाने गुण द्यायचे आणि कागद उलटा ठेवायचा, चर्चा त्यानंतर. हे शेवटचं करून पाहाच. आधी चर्चा झाली की सगळ्यात ज्येष्ठ माणसाचे गुण हळूहळू सगळ्यांचे होतात.

आणि एक सावधगिरी, नाहीतर तुम्ही उद्या एखाद्या नव्या सरांना नेमून निश्चिंत व्हाल. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच केलेला एक अभ्यास आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे खरीखोटी कशीही, जात लिहिली आणि त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची मानली जाणारी जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फार नाही, पण पडले. आणि कमी देणारे मुख्यतः त्याच जातींतले शिक्षक होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपल्या घरातून आलेला म्हणून शिक्षक आपोआप न्यायी होत नाही. ज्या तराजूत तो स्वतः वर्षानुवर्षं तोलला गेला, तोच त्याच्याही हातात येऊ शकतो. त्याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट आहे, तुमच्या लगेच कामाला येईल अशी. हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांना जास्त दिसला. तपासणाऱ्याचा हात बसायचा असतो तेव्हा तो पेपरापेक्षा नावाकडे जास्त बघतो. तेव्हा नावाचा भाग दुमडून पेपर तपासा, आणि वरचे दहा पेपर गठ्ठा संपल्यावर पुन्हा एकदा पाहा.

«मी पालक आहे. शाळेत हल्ली 'सर्व समाजांचे शिक्षक' असा आग्रह ऐकू येतो. मी कुणाच्या विरोधात नाही, पण नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी. प्रतिनिधित्वासाठी आमच्या मुलांचं नुकसान का?»

नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी, याबद्दल आपलं भांडण नाही. वर माझी कबुली वाचली असेल तर ती नेहमी तशी होते का, हे तुम्हीच ठरवा.

एक जुनं पत्र मला या वादात हटकून आठवतं. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या प्राथमिक शाळा वेगळ्या होत्या. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 मे 1954 रोजी अशा वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. तो निकाल सगळ्यांना माहीत असतो. पण निकालाच्या वर्षभर आधी, मार्च 1953 मध्येच, तिथल्या शाळाप्रमुखांनी एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला कळवलं होतं की पुढच्या वर्षी तुम्हाला नेमणूक देता येत नाही. कारण असं दिलं होतं की शाळा एकत्र झाल्या, तर गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकांनी शिकवणं शहरातल्या बहुसंख्य लोकांना नको असेल, असं शाळा मंडळ गृहीत धरून चाललं आहे. शिकवण्यात काय कमी होतं, यावर एक शब्द नाही. 1954 ते 1965 या काळात दक्षिणेतल्या आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या 17 राज्यांत मिळून सुमारे 38 हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज सांगितला जातो. मुलं एकाच शाळेत आली, आणि त्यांना शिकवणारी त्यांची माणसं शाळेबाहेर गेली. त्याचा वण अजून आहे. 2020-21 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांत 80 टक्के शिक्षक गोरे होते, गोरी मुलं मात्र निम्म्याहूनही कमी.

आता नुकसानाचं. 1848 मध्ये सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा मुलींसमोर बाई असणं हेच अघटित होतं. आज त्याचं कुणाला काही वाटत नाही. आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांची पाच वर्षांची माहिती घेऊन कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी हेच मोजलं. वर्गावर शिक्षिका असेल तर मुली थोडं जास्त शिकतात. आणि मुलगे? त्यांचं काही कमी होत नाही. एका ताटात वाढलं की दुसऱ्याच्या ताटातलं उचललं गेलं, हा हिशोब निदान इथे तरी बसत नाही.

तुमच्या मुलाला आपल्यासारखं न बोलणारे सर भेटले तर पहिले पंधरा दिवस घरी नकला होतील. होऊ द्या. फक्त तुम्ही हसू नका.

«मी तीन वर्षांपासून शिक्षिका आहे. शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या समाजातली मी एकटीच. कुणाही 'त्या' मुलाने मारामारी केली की त्याला माझ्याकडे पाठवतात. पालक आले की दुभाषी मी. कार्यक्रम असला की पुढे मला उभं करतात, फोटोत मध्ये मी. वेळापत्रकात या कशाचाच तास नाही. निकाल कमी लागला की मात्र विचारणा मलाच. सहकारी वाईट नाहीत. पण मी थकले. सोडावं का?»

तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि त्यातलं 'सहकारी वाईट नाहीत' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

अमेरिकेचे शिक्षणमंत्री असताना जॉन किंग यांनी 2016 मध्ये याला एक नाव दिलं होतं : अदृश्य कर. कृष्णवर्णीय शिक्षकाकडे शिस्तीची, समजुतीची, मध्यस्थीची सगळी कामं येतात, पगारपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. म्हणजे ही दुखणी तुझ्या एकटीची नाहीत. नाव मिळालं म्हणून ओझं उतरत नाही, हे कळतं मला. पण 'मीच कमी पडते' असं तुला वाटत असेल, तर ते तरी डोक्यातून काढ.

रिचर्ड इंगरसोल म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ आहेत. शिक्षक नोकरी का सोडतात, यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. अल्पसंख्य समाजांतल्या शिक्षकांची संख्या अमेरिकेत दुपटीहून जास्त झाली, पण सोडून जाण्याचं प्रमाणही मोठं. आणि सोडून जाण्याची मुख्य कारणं? गरीब मुलं, अवघड वर्ग ही त्यांनी सांगितलेली कारणं नव्हेत. शाळेच्या निर्णयांत आपल्याला आवाज नाही आणि वर्गात आपल्या मनासारखं काही करता येत नाही, ही होती. वरचे मुख्याध्यापक सर हे वाचत असतील तर त्यांनी इथे पेन्सिलीने खूण करावी. गळक्या घागरीत कितीही ओतलं तरी काय?

आता कामाचं. एक वही कर. महिनाभर, टाचणापलीकडचं जे जे काम तुझ्यावर येतं ते तारखेसह लिही : किती मिनिटं, कुणी सांगितलं, तुझा कोणता ऑफ तास गेला. राग लिहू नकोस, मिनिटं लिही. मग ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. 'मला त्रास होतो' म्हणालीस तर चहा मिळेल आणि 'तूच तर आधार आहेस' असं ऐकायला मिळेल. मी स्वतः असंच म्हणाले असते. पण '14 तास 20 मिनिटं, आणि माझे 9 ऑफ तास' असा आकडा समोर आला की वेळापत्रक उघडावंच लागतं.

त्या यादीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तू ठरव. माझं मत विचारशील तर मारामारीची मुलं आधी परत कर. मूल ज्याच्या वर्गातलं, बोलणं त्याने करायचं. तू हवं तर पहिल्या वेळी शेजारी बस. तुझ्याकडे पाठवून वर्गशिक्षक मोकळा होतो, आणि त्या मुलाची भाषा शिकण्याची त्याला कधी गरजच पडत नाही. पालकांशी बोलण्याचं काम तुला आवडत असेल तर ठेव, पण ते वेळापत्रकात यायला हवं, आणि त्याच्या बदल्यात एक वर्ग कमी. फोटोत कडेला उभी राहा.

निकालाबद्दल : बाकीच्यांच्या वर्गांची जेवढी विचारणा होते तेवढीच तुझ्याही वर्गाची. एका वर्गाचा निकाल म्हणजे एका समाजाचा निकाल नव्हे, हे त्यांना एकदा तोंडावर सांगावं लागेल. सांगताना आवाज कापला तर कापू दे.

सोडावं का, याचं उत्तर मी देणार नाही. 'मुलांकडे बघ आणि थांब' असं सांगणं मला सोपं आहे, कारण सकाळी त्या स्टाफरूममध्ये जायचंय ते तुला. शाळा बदलणं म्हणजे मुलांना टाकून जाणं नव्हे. अशी मुलं तुला पुढच्याही शाळेत भेटतील. फक्त वही भरायच्या आधी राजीनामा लिहू नकोस. आणि महिन्याने बेरीज किती आली ते मला कळव, तोवर सोडलेली असलीस तरी.